नऊ माणसं, सतरा रोट्या आणि जैन डोशाबरोबर आलेलं सांबार

चातुर्मासातला एक रविवार. मुलुंड पश्चिमेला एसी हॉल असलेलं शुद्ध शाकाहारी हॉटेल, साधारण नव्वद खुर्च्यांचं. दारात नाव लिहून पस्तीस मिनिटं थांबल्यावर रात्री ८.२० ला दोन टेबलं जोडून नऊ जणांना जागा मिळाली. सहा जण एका मराठी घरातले. त्यांतल्या आजींना चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं चालत नाही. उरलेले तिघं शेजारचं गुजराती जैन कुटुंब: आई, वडील आणि शाळकरी मुलगी. ते रात्री जेवतात, पण कंदमूळ खात नाहीत.

(हे एका ठरावीक हॉटेलाचं गाऱ्हाणं नव्हे. अशा टेबलांवर दर रविवारी जे घडतं, ते इथे एका टेबलावर मांडलं आहे. वेळा आणि दरही अशा हॉटेलात सहसा दिसतात तसेच धरले आहेत.)

कॅप्टनने वही काढली आणि सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. शेवटी लिहिलं गेलं ते असं: दोन टोमॅटो सूप वन बाय टू, दोन मसाला डोसे, एक जैन मसाला डोसा, एक पावभाजी, एक जैन पावभाजी, एक व्हेज मंचुरियन ड्राय, एक पनीर टिक्का, जैन पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, दाल तडका, सहा बटर रोटी, दोन बटर नान, एक जीरा राइस. नंतर चार मसाला ताक. जाताजाता कुणीतरी म्हणालं, "अण्णा, आमच्यात चौघं जैन आहेत हं." कॅप्टनने मान हलवली. आजी जैन नाहीत, हे सांगायचं राहिलं.

पुढे काय झालं, ते घड्याळाप्रमाणे असं. ८.३१ ला दोन्ही पावभाज्या आल्या. ८.३४ ला दोन मसाला डोसे. ८.३८ ला जैन डोसा आला आणि त्याबरोबर नेहमीचं सांबार. ८.४० ला सूप आणि मंचुरियन, म्हणजे पावभाजी संपत आल्यावर सूप. ८.४४ ला दोन्ही भाज्या, डाळ आणि भात. रोटी नाही. ८.५६ पर्यंत भाज्यांवर साय धरली होती. कुणाला वाटलं, रोटी विसरले वाटतं. म्हणून त्यांनी आणखी आठ रोट्या आणि एक नान सांगितला. ९.०६ ला पहिल्या सहा रोट्या, दोन नान आणि पनीर टिक्का आला. ९.१५ ला दुसरी खेप. उठताना टोपलीत पाच रोट्या पडून होत्या.

टेबलावरचं मत एकच होतं: "सर्व्हिस बेकार आहे." ते खरं नाही. त्या गर्दीत वेटरनी बरंच नीट काम केलं होतं. घोळ झाला तो ऑर्डर ज्या पद्धतीने आत गेली तिथे.

आत एक स्वयंपाकघर नसतं

मेन्यूकार्ड एकच असल्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं, आत एक स्वयंपाकघर आहे आणि तिथे कुणीतरी आपल्या टेबलाचं जेवण क्रमाने लावतंय. प्रत्यक्षात अशा हॉटेलात पाच वेगळे विभाग एकमेकांना पाठ करून उभे असतात. साउथचा तवा, पावभाजीचा तवा, चायनीजची कढई, पंजाबी भाज्यांची शेगडी आणि तंदूर. पलीकडे ताक, ज्यूस, चहा-कॉफीची पँट्री. कॅप्टनने ऑर्डर टाकली की केओटीच्या (किचन ऑर्डर तिकीट) चिठ्ठ्या प्रत्येक विभागात एकाच वेळी निघतात. ज्याचं झालं तो घंटी वाजवून खिडकीत ठेवतो आणि वेटर उचलतो. सूप आधी, भाजी नंतर, हे ठरवणारा कुणी मधे नसतो. मोठ्या पंचतारांकित जागेत तो असतो. तिथे तुम्ही त्याचेच पैसे भरता.

म्हणून सगळं एकदम सांगितलं की जेवण तुमच्या क्रमाने येत नाही, ज्या विभागात गर्दी कमी त्या क्रमाने येतं. पावभाजीची भाजी तव्याच्या कडेला तयारच असते. लोणी, तिखट घालून घोटायची आणि पाव शेकायचे. ती आधी येणारच. टोमॅटो सूप बहुतेक ठिकाणी चायनीजच्या मास्टरकडे असतं, आणि रविवारी त्याच्यापुढे नूडल्स आणि फ्राइड राइसच्या पार्सलांची रांग असते. स्विगी-झोमॅटोचे डबेही त्याच कढईतून निघतात. हॉलमध्ये बसलेल्याला ती रांग दिसत नाही. सूप उशिरा आलं त्याचं कारण एवढंच.

माटुंग्याच्या जुन्या उडुपी जागांत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे विभागच एक-दोन असतात. १९४० चं कॅफे मद्रास घ्या किंवा १९४२ चं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग घ्या. एकीकडे तवा आणि वाफ, दुसरीकडे ठरलेलं ताट. पंजाबी, चायनीज, पावभाजी हे सगळं उडुपी हॉटेलांच्या कार्डावर मागाहून चढलं. कार्ड जितकं जाड, तितकं जेवणाचं वेळापत्रक गिऱ्हाइकाला स्वतः सांभाळावं लागतं.

रोटीचं गणित

सगळ्यात अडतं ते तंदूरपाशी. मध्यम आकाराच्या तंदूरच्या भिंतीवर एका वेळी आठ ते दहा रोट्या लागतात. एक रोटी दीड ते दोन मिनिटांत निघते. कागदावर हे तासाला अडीचशे-तीनशे होतं. पण त्याच तंदूरमध्ये पनीर टिक्क्याच्या सळया सात-आठ मिनिटं उभ्या राहतात आणि तेवढी भिंत अडते. उस्ताद एकच असतो; गोळा थापणं, गादीवर चढवून आत चिकटवणं, सळईने काढणं त्याच्याच हातात. मदतीला असलाच तर लोणी लावणारा पोऱ्या. अर्धी क्षमता गाठली तरी बरं. भरलेल्या हॉलमध्ये माणशी दोन रोट्या धरल्या तर एकशे ऐंशी, त्यावर पार्सलं. साडेआठला चिठ्ठी गेली तर वीस-पंचवीस मिनिटं लागणं हा उशीर नाही, ती रांगच तेवढी आहे.

भाजीचं उलट आहे. शेगडीपाशी ग्रेव्ह्या सकाळपासून तयार असतात: लाल म्हणजे टोमॅटो-काजूची मखनी, पिवळी म्हणजे परतलेल्या कांदा-टोमॅटोची, पांढरी म्हणजे उकडलेला कांदा, काजू, मगजबी (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) वाटून केलेली, आणि हिरवी पालकाची. जैन पनीर बटर मसाला असो की व्हेज कोल्हापुरी, सहा ते आठ मिनिटांत पळीतून बाऊलमध्ये येते. (कोल्हापुरी म्हणजे लाल-पिवळी ग्रेव्ही एकत्र, तिखट वाढवून, वर एक तळलेली मिरची. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापूरशी तिचा संबंध त्या मिरचीपुरताच.) म्हणजे भाजी आठ मिनिटांची आणि रोटी पंचवीसची. दोन्हींची चिठ्ठी एकदम गेली तर भाजी पंधरा मिनिटं टेबलावर वाट बघत बसणार. मखनीवर साय धरते, काजूची ग्रेव्ही घट्ट होऊन तेल सोडते आणि माणसं चमच्याने नुसती भाजी खाऊ लागतात. इथे नेमकं तेच झालं.

दुसरी चूक ८.५६ ला झाली. रोटी आली नाही म्हणून पुन्हा रोटी सांगणं म्हणजे रांगेत दुसऱ्यांदा उभं राहणं. विचारायला हवं होतं ते एवढंच: "सहा रोटी, दोन नानची चिठ्ठी लागली आहे का?" लागलेली होती. दोन्ही खेपा आल्या आणि सहाच्या चौदा, दोनाचे तीन झाले. तंदूरची गव्हाची रोटी चार-पाच मिनिटांत चामट होते, लोणी लावलं तरी. नान मैद्याचा असल्याने थोडा जास्त वेळ मऊ राहतो. म्हणूनच वीस रोट्या एकदम मागवण्यापेक्षा चार-चार मागवणारं टेबल नेहमी गरम खातं. शिवाय छोटी चिठ्ठी उस्तादला सोयीची पडते. भिंतीवर तीन-चार जागा मोकळ्या झाल्या की तो ती मधेच उरकतो. चौदांच्या चिठ्ठीसाठी पूर्ण भिंत लागते.

आधी डोसा-पावभाजी झालेली असताना माणशी एक रोटी पुरते, खाणाऱ्याला दीड. नऊ जणांत लहान मुलं धरून नऊ-दहा. या टेबलाला दोन भाज्या, एक डाळ आणि एक भात हे प्रमाण बरोबर होतं. एका बाऊलमध्ये अडीच-तीन माणसांची भाजी येते.

"जैन" हा शब्द पदार्थावर लागतो, टेबलावर नाही

यापेक्षा गंभीर गोष्ट ८.३८ ला घडली. मुलीने डोशाचा तुकडा सांबारात बुडवून खाल्ला आणि मग वाटीत कांद्याची पाकळी दिसली.

स्वयंपाकघराच्या बाजूने बघा. चिठ्ठीवर "जैन मसाला डोसा" लिहिलं होतं. तवेवाल्याने पीठ घातलं, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी भरली. त्याच्या हिशेबाने काम चोख झालं. सांबाराची वाटी तो भरतच नाही. ताटली खिडकीत आल्यावर वेटर किंवा वाढप्या भरतो, आणि त्याच्यापुढे पातेलं एकच. सांबार दिवसाला दोन-तीन मोठ्या पातेल्यांत होतं. त्यात तूरडाळ, भोपळा, शेंगा आणि कांदा. एका वाटीसाठी वेगळं जैन सांबार कुणी करत नाही. फार जैन गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलात छोटं पातेलं वेगळं असतं, पण ते विचारावं लागतं. खोबऱ्याच्या चटणीतही बहुधा ओलं आलं वाटलेलं असतं. सुंठ आणि हळद पुष्कळ जैनांना चालते, ओलं आलं चालत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डोशाचा तवा प्रत्येक घाण्यानंतर पाणी शिंपडून झाडूने पुसतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवतात. त्यामुळे पीठ चिकटत नाही आणि वासही चांगला येतो. केळ्याची भाजी भरलेला डोसा त्या तव्यावरून आला तर जैन माणसाच्या दृष्टीने तो चुकलाच. सांगितलं तर तवेवाला कांद्याऐवजी फडक्याने तेल लावतो. त्याला त्यात अडचण नसते. पण सांगणार कोण? रवा डोसा तर या टेबलावर नकोच, कारण त्याच्या पातळ पिठात आलं-मिरची आधीच कालवलेली असते, आणि तो ओतलेला डोसा असल्याने साध्याच्या दुप्पट वेळ तवा अडवतो.

पावभाजीच्या तव्याचंही तसंच. जैन पावभाजी कच्चं केळं, वाटाणा, टोमॅटो, ढोबळी मिरचीची असते. चांगल्या जागी ती वेगळ्या छोट्या तव्यावर किंवा पॅनमध्ये घोटतात. दर वीस रुपये जास्त लावतात ते यासाठीच, आणि ते रास्त आहेत. मोठ्याच तव्याच्या एका कोपऱ्यात घोटली तर नेहमीच्या भाजीचा लगदा कडेने मिसळतो. पाव शेकताना तोच मसाला तव्यावरून पावाला लागतो. म्हणून दोन्ही गोष्टी सांगायच्या: भाजी वेगळ्या पॅनमध्ये आणि पाव साधे, न शेकलेले.

पंजाबीत पांढऱ्या ग्रेव्हीचा धोका जास्त. मलई कोफ्ता पांढरा, गोडसर दिसतो म्हणून लोक निर्धास्त असतात; पण त्याच्या ग्रेव्हीचं अंगच उकडलेल्या कांद्याचं असतं. जैन ग्रेव्ही टोमॅटो आणि काजू-मगजवर बांधतात, कांद्याच्या जागी दुधी, लाल भोपळा किंवा कोबीने दाटपणा आणतात. डाळ मात्र सोपी. उकडलेली साधी डाळ वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे लसणाऐवजी जिरे-हिंगाची फोडणी देऊन दोन मिनिटांत जैन दाल मिळते. या टेबलाने दाल तडका नेहमीची सांगितली, त्यामुळे चौघांना डाळच मिळाली नाही. चायनीजला हात न लावलेला बरा. शेजवान चटणीत बहुधा लसूण असतोच, आणि मंचुरियनच्या गोळ्यांत सहसा गाजर आधीच किसलेलं असतं.

आता आजींचं. त्यांना "जैन" म्हणून नोंदवल्यामुळे त्यांच्या पुढ्यात केळ्याची पावभाजी आली. आजींना बटाटा चालतो, आवडतोही. त्यांच्यासाठी कॅप्टनला सांगायचा शब्द वेगळा आहे: "कांदा-लसूण नाही, बटाटा चालेल." मुंबईतल्या गुजराती वस्तीच्या हॉटेलांत याला "स्वामीनारायण" म्हणतात आणि कॅप्टनला तो शब्द लगेच समजतो. मात्र मसाला डोशातली बटाट्याची भाजी कांदा परतूनच केलेली असते, त्यामुळे आजींना साधा डोसा, दह्याची वाटी आणि जैन पनीर हेच खरं जेवण झालं असतं. इडलीचा मोह टाळायचा. रात्री नऊला मिळणारी इडली बहुधा संध्याकाळच्या घाण्यातली, पुन्हा वाफवलेली असते. इडली सकाळी खावी.

सांबाराची वाटी आल्यावर काय करायचं? त्या मुलीच्या आईने ती नुसती बाजूला सरकवली. तसं न करता ताटली तशीच ठेवून कॅप्टनला बोलवायचं आणि सांगायचं, "हा जैन डोसा आहे, सांबारात कांदा आहे, डोसा बदलून द्या." बहुतेक जागी न कुरकुरता बदलून देतात, कारण जैन गिऱ्हाईक तुटणं मुलुंड-घाटकोपरच्या हॉटेलाला परवडत नाही. अर्धा खाऊन झाल्यावर सांगितलं की मग वाद होतो.

तीच ऑर्डर, नीट सांगितली तर

८.२० ला पहिल्या चिठ्ठीत फक्त सूप, दोन्ही पावभाज्या, तीन डोसे आणि आजींचा साधा डोसा. जैन पदार्थ एकेक नाव घेऊन सांगायचे: "एक मसाला डोसा जैन, सांबार-चटणीशिवाय, दही द्या, तव्याला कांदा नको. पावभाजी जैन, वेगळ्या पॅनमध्ये." कॅप्टनने परत वाचून दाखवल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. मंचुरियन हवंच असेल तर तेही याच चिठ्ठीत, कारण चायनीजची रांग लांब असते. त्याच वेळी हेही सांगून ठेवायचं: "सहा रोटी, दोन नान आता लावा, भाज्या आम्ही सांगू तेव्हा." तंदूरची चिठ्ठी अशी पुढे गेली की रोट्या साधारण ८.४५ ला निघतात. ८.३५ च्या सुमाराला डोसे येताच भाज्या आणि डाळ सांगायची. जैन दाल वेगळी, नाहीतर दोन्ही डाळी जैनच; लसूण खाणाऱ्यांना जिऱ्याची फोडणी चालते. पनीर टिक्का वगळला असता तर त्याच्या सळयांमागे रोट्याही अडल्या नसत्या. उरलेल्या तीन-चार रोट्या जेवताना, हात वर करून. जीरा राइस सगळ्यात शेवटी, पोटात जागा आहे का ते बघून.

बिल

पदार्थांचे ३,६१० रुपये झाले. त्यावर "सर्व्हिस चार्ज १०%" म्हणून ३६१ आणि या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण ४,१७० रुपये.

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या होत्या. पाण्याच्या तीन बाटल्या तीस-तीसने लावलेल्या. बाटलीवर छापील किंमत वीस. यावर भांडून उपयोग नाही. हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. बसल्या बसल्या "साधं पाणी द्या" म्हणणं एवढाच उपाय. एसी हॉलचे दर बाहेरच्या हॉलपेक्षा जास्त होते, ते कराने नव्हे. २०१७ च्या जुलैत एसीला १८ आणि बिगर-एसीला १२ टक्के होते. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून दोन्हीकडे ५ टक्के झाले. दरातला फरक मालकाचा.

तिसरी गोष्ट मात्र बोलायची होती. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना वैध ठरवल्या. शिवाय सर्व्हिस चार्जवर पुन्हा जीएसटी लागतो, म्हणून फरक ३६१ चा नसून ३७९ चा असतो. गल्ल्यावर जाऊन शांतपणे "सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या" म्हटलं की बहुतेक वेळा दुसरं बिल छापून मिळतं. नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. या टेबलाने सांगितलं आणि ३,७९१ चं बिल आलं. बडीशेपेच्या वाटीखाली त्यांनी शंभराची नोट ठेवली, ती थेट वेटरला मिळाली.

उरलेलं मंचुरियन पार्सल झालं, डब्याचे दहा रुपये. पाच रोट्या टोपलीतच राहिल्या.